सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीत, आपले शनिवार कुठे बसतात?

घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या उतारावर एक अभ्यासिका आहे. दोन लहान खोल्या, वर पत्रा, दोनपैकी एक पंखा कायम बंद. सकाळी तिथे बालवाडी भरते. संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत सातवी ते बारावीची मुलं अभ्यासाला बसतात, कारण घरी टीव्ही, धाकटी भावंडं आणि स्वयंपाक सगळं एकाच खोलीत चालू असतं. संस्था चालवणाऱ्या ताई निवृत्त शिक्षिका आहेत. आमच्या ऑफिसतर्फे मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा आम्ही चाळीस जण होतो आणि आत मावतात पंचवीस. उरलेले बाहेर पायऱ्यांवर उभे राहिले. खाऊ वाटला, गाणी झाली, बॅनर धरून फोटो झाला आणि दोन तासांत बस परत निघाली.

निघताना मी विचारलं, "ताई, अजून काय लागेल तुम्हाला?"

"रागावणार नसशील तर सांगते," त्या म्हणाल्या. "खाऊ सगळेच आणतात. मला एक असा माणूस दे, ज्याला सरकारी फॉर्म कळतो."

त्यांनी लोखंडी कपाटातून एक फुगलेली फाइल काढली. न्यासाच्या, म्हणजे ट्रस्टच्या, नोंदीत पाच विश्वस्त होते. त्यांतले दोघं वारलेले, एक कायमचे सांगलीला राहायला गेलेले. त्यांच्या जागी तिघं नवे नेमल्याचा ठराव झाला होता, पण त्याची नोंद न्यासांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात झालेलीच नव्हती. बँकेत सहीचा अधिकार जुन्याच नावांवर. प्राप्तिकराच्या पोर्टलवर लॉगिन करायचं तर ओटीपी जायचा वारलेल्या खजिनदारांच्या नंबरवर. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं मदत द्यायची तयारी दाखवली होती; कागद पूर्ण नाहीत म्हणून ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे गेले.

कंपनी, तिचे कर्मचारी आणि वस्तीतली संस्था यांचा एकमेकांशी संबंध कसा येतो, हे मी त्या फाइलपासून शिकायला लागलो. मी स्वतः हिशेब खात्यातला माणूस. त्यामुळे आधी पैशांचं सांगतो, मग माणसांचं.

कायदा काय मोजतो

सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. आपल्याकडे ठरावीक मोठ्या कंपन्यांना ती कायद्यानं पाळावी लागते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीचं नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरते ती रक्कम) ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला गेला तरी ती या कलमाखाली येते. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम तिनं समाजाच्या कामावर खर्च करायची.

समजा एखाद्या कंपनीला तीन वर्षांत ८, १० आणि १२ कोटी नफा झाला. सरासरी १० कोटी, त्याचे २ टक्के म्हणजे २० लाख. एवढे पैसे तिला त्या वर्षी खर्च करावेच लागतील. ही रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळे वेगळी सीएसआर समिती नेमायची गरज नाही, संचालक मंडळच ते काम बघू शकतं. कार्यालयीन खर्च सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, म्हणजे इथे फार तर १ लाख. आणि हा सगळा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवून कर वाचवता येत नाही.

पैसे कशावर खर्च करायचे याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक आणि कुपोषण, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, वारसा जतन, खेळांचं प्रशिक्षण, आपत्ती निवारण असे त्यातले विषय. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना फायदा होईल असा उपक्रम सीएसआर ठरत नाही. २०२२-२३ या एका वर्षात देशभरातल्या कंपन्यांनी सीएसआरवर जवळपास ३० हजार कोटी रुपये खर्च केले आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता.

ताईंच्या अभ्यासिकेला यातलं काही का मिळालं नाही? कारण कंपनी संस्थेमार्फत काम करणार असेल, तर त्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' या फॉर्मनं नोंदणी करावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून हा नियम आहे. त्यासाठी प्राप्तिकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रं लागतात, आणि त्या प्रकारच्या कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पूर्वी १२ए नोंदणी एकदा मिळाली की आयुष्यभराची असायची. आता ती ठरावीक मुदतीची असते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. बावीस वर्षं रोज संध्याकाळी दिवा लावणाऱ्या संस्थेकडे हे सगळं बघायला माणूस नव्हता.

मार्चच्या आत पैसे खर्च करायची गडबडही कायद्यातूनच येते. एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाचे न वापरलेले पैसे ३१ मार्चनंतर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येतात. असा प्रकल्प नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांच्या आत सरकारनं ठरवलेल्या निधीत भरावी लागते. म्हणून फेब्रुवारी उजाडला की सीएसआर बघणारे लोक संस्था शोधायला लागतात, आणि ज्यांचे कागद तयार त्यांचं काम होतं.

तासांची किंमत

आता कर्मचाऱ्यांकडे येऊ. आपण एखाद्या शनिवारी पाच तास संस्थेत घालवले तर ते कंपनीच्या २ टक्क्यांत धरले जातात का? आमच्याकडे कित्येकांना वाटतं की हो. उत्तर नाही असं आहे.

सुरुवातीला थोडी मोकळीक होती. जून २०१४ च्या परिपत्रकात मंत्रालयानं म्हटलं होतं की कंपनीच्या स्वयंसेवकांनी सीएसआरच्या कामाला जितका वेळ दिला, तितक्या वेळेचा पगार प्रकल्पाच्या खर्चात धरता येईल. पुढे ही भूमिका बदलली. २५ ऑगस्ट २०२१ ला मंत्रालयानं प्रश्नोत्तरांच्या रूपात जो खुलासा केला, त्यात कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना या कामात जरूर सामील करावं असं सांगितलं आहे. पण त्यांच्या विनामूल्य सेवेची पैशांत किंमत काढून ती सीएसआर खर्चात दाखवता येणार नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. वस्तूंचंही तसंच. जुने कॉम्प्युटर देऊन त्यांची किंमत सीएसआर म्हणून लावता येत नाही. कायदा 'खर्च करा' म्हणतो, म्हणजे पैसे खर्च व्हायला हवेत.

मला हा नियम योग्य वाटतो. तासाला दोन हजार रुपये पगार पडणारा मॅनेजर दोन तास खिचडी वाढत असेल आणि त्याचे चार हजार रुपये सीएसआरमध्ये धरले, तर मुलाच्या ताटात खिचडी तेवढीच पडते आणि संस्थेच्या वाट्याचे चार हजार मात्र कमी होतात.

पण याचा एक परिणाम झाला आहे. पैशांचा हिशेब संचालक मंडळापुढे जातो, लेखापरीक्षक तपासतो. सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर द्यावा लागणाऱ्या कंपन्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा उपयोग झाला की नाही, हेही बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं लागतं. कर्मचाऱ्यांच्या तासांबद्दल असं कोणी विचारत नाही. त्यामुळे तो विषय एचआरकडे जातो, आणि तिथे किती लोक आले आणि फोटो कसे आले यावर यशापयश ठरतं. एचआरमधल्या लोकांचा यात काही वाईट हेतू नसतो. त्यांच्या फॉर्ममध्ये तेवढाच रकाना असतो.

चार शनिवार आणि एक चेंज रिपोर्ट

ताईंची फाइल मी आमच्या सेक्रेटेरियल विभागातल्या एका सहकारी मैत्रिणीला दाखवली. ती कंपनी सेक्रेटरी, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) बसून दिवसभर संचालकांच्या नेमणुका आणि राजीनाम्यांचेच फॉर्म भरते. तिनं दहा मिनिटांत सांगितलं, "यांचा चेंज रिपोर्ट राहिलाय."

महाराष्ट्रातल्या न्यासांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा लागू आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, मालमत्ता वाढली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. त्यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर झाला की न्यासाच्या नोंदीत नवी नावं चढतात, आणि बँक असो वा प्राप्तिकर खातं, सगळे त्या नोंदीचा उतारा मागतात. ताईंचे ९० दिवस कधीच उलटून गेले होते, त्यामुळे विलंब माफीचा अर्जही जोडावा लागणार होता.

पहिल्या शनिवारी फक्त कागद लावले. सभेची सूचना मिळाली, प्रोसिडिंग बुकात ठराव मिळाला, पण हजेरीच्या सह्यांचं पान सुटं झालेलं होतं. ते बालवाडीच्या चित्रकलेच्या कागदांत सापडलं. दुसऱ्या शनिवारी वारलेल्या विश्वस्तांच्या घरी जाऊन मृत्यू दाखल्यांच्या प्रती आणल्या. एका घरी काकूंनी आम्हाला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही आणि वारलेल्या यजमानांनी अभ्यासिकेसाठी जपून ठेवलेली पावतीपुस्तकंही काढून दिली. सांगलीच्या काकांनी राजीनामा स्पीड पोस्टानं पाठवला. तिसऱ्या शनिवारी नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं झाली. चौथ्या शनिवारी सगळं एका वकिलांना दाखवलं आणि पुढच्या आठवड्यात ताईंनी वरळीच्या कार्यालयात जाऊन अर्ज दाखल केला. आदेश यायला आठ महिने लागले. त्यानंतर बँकेतल्या सह्या बदलल्या, पोर्टलवरचा नंबर बदलला, ८०जीचं रखडलेलं काम पुढे सरकलं आणि शेवटी सीएसआर-१. त्या फॉर्मवर प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते. आमची मैत्रीण नोकरीत असल्यामुळे तिला ती करता येत नव्हती. तिच्या ओळखीच्या एका सीएनं पैसे न घेता केली.

आमच्या चाळीस जणांच्या बसपेक्षा या एका मैत्रिणीच्या चार शनिवारांनी संस्थेचं जास्त काम केलं, असं मी म्हणेन. तिच्यासाठी हे काम रोजचंच होतं, संस्थेसाठी मात्र तेवढ्यावाचून सगळं अडलेलं होतं. प्रत्येक ऑफिसात अशी माणसं असतात. एक्सेलमध्ये देणगीदारांची यादी नीट लावून देणारा, संस्थेच्या वेबसाइटवरचा जुना पत्ता बदलून देणारी, भाडेकरार वाचून धोक्याचं कलम दाखवणारा, मराठी अहवालाचं नीट इंग्रजी करणारी. त्यांना आपल्याकडे देण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही, कारण सेवा म्हटलं की डोळ्यांसमोर खाऊ आणि झाडू येतो.

दिवस कोणता, जागा कोणती

मुंबईत वेळेचा हिशेब प्रवासासकट करावा लागतो. ऑफिस बीकेसीत, घर बदलापूरला. दोन तास शिकवायचं तर चार तास प्रवासात. असा माणूस दोनदा येतो, तिसऱ्यांदा दमतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. कायदा म्हणतो की कंपनीनं आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही, असा खुलासाही झाला आहे. तरीही पैसा आणि माणसं ऑफिसच्या आसपास फिरतात. कंपनीचा परिसर बीकेसी असेल, पण त्या कर्मचाऱ्याचा परिसर बदलापूर आहे. तिथेही शाळा आहे, वृद्धाश्रम आहे, नदी आहे. घराजवळच्या संस्थेत केलेलं काम कंपनीनं तितकंच मानलं, तर लोक वर्षानुवर्षं टिकतील.

ऑफिसजवळच काम करायचं असेल तर रात्रशाळांचा विचार करावा. दिवसा दुकानात, कुरिअरमध्ये, कँटीनमध्ये काम करणारी मुलं संध्याकाळी पालिका शाळांच्या इमारतींत भरणाऱ्या वर्गांत दहावी करतात. आपलं ऑफिस सुटतं तेव्हा त्यांची शाळा भरते, म्हणजे वेळ आपोआप जुळते. या शहराला त्याची जुनी सवय आहे. नारायण मल्हार जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावातल्या कामगारांसाठी वाचनालयं, रात्रीच्या शाळा, दवाखाने असं काम लीगनं उभं केलं. परळचं दामोदर नाट्यगृह याच संस्थेचं. लोअर परळला ज्या रस्त्यावर आज मोठमोठी ऑफिसं आहेत त्या डिलाइल रोडला त्यांचंच नाव आहे: ना. म. जोशी मार्ग. त्या रस्त्यावरून दुपारी जेवायला जाणाऱ्या तरुणांना मी हे आवर्जून सांगतो.

काही कामांना आठवड्यातले चालू दिवसच लागतात. परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात देशभरातून लोक येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा कुठल्या नातेवाइकाकडे उतरतात आणि सकाळी ओपीडीच्या रांगेत उभे राहतात. कुठला कागद कोणत्या खिडकीवर, रक्त कुठे द्यायचं, रिपोर्ट कधी, हे समजावून सांगणारं कोणी बरोबर असलं तर त्यांचा दिवस वाचतो. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाच्या परवानगीनं आणि त्यांनी शिकवल्यावरच हे करायचं. पण रविवारी जाऊन उपयोग नाही. काही कंपन्या स्वयंसेवेसाठी वर्षाला एक-दोन दिवस भरपगारी रजा देतात. कायद्यानं ती द्यावीच असं नाही. मिळत असेल तर ती अशा कामासाठी वापरावी. आमच्याकडे बहुतेकांची ती रजा ३१ डिसेंबरला तशीच बुडते.

रक्तदानाचं तर वेळापत्रकच उलटं हवं. कंपन्यांची शिबिरं वर्धापनदिनाला, २६ जानेवारीला, २ ऑक्टोबरला होतात. पण रक्तपेशी साठवता येतात ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एकाच आठवड्यात सगळीकडे शिबिरं झाली की एकदम साठा होतो, आणि ज्यांनी दिलं त्यांना पुन्हा देता येत नाही. पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस थांबावं लागतं. तुटवडा पडतो तो एप्रिल-मेमध्ये. कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, मे असो वा दिवाळी. म्हणून आधी रक्तपेढीला फोन करून विचारावं, तुम्हाला कधी हवंय आणि किती पिशव्या सांभाळता येतील? आमचं शिबिर फेब्रुवारीतून मेच्या दुसऱ्या आठवड्यात नेलं. आकडा निम्म्यावर आला, तरी रक्तपेढीचे डॉक्टर स्वतः येऊन आभार मानून गेले.

झाडांचंही तसंच आहे. ५ जूनला पर्यावरण दिन, पण मुंबईत पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. पाऊस धरायच्या आधी उन्हात लावलेल्या रोपाला पाणी कोण घालणार हे ठरलेलं नसेल, तर जुलैपर्यंत थांबावं.

मुलांचे फोटो

हे सगळ्यांनी नीट वाचावं अशी माझी विनंती आहे. बालगृहात राहणाऱ्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा चित्र माध्यमांतून प्रसिद्ध करायला बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नं मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपण प्रेमानं काढलेला सेल्फी कंपनीच्या पानावर किंवा आपल्या स्टेटसवर गेला, तरी त्या मुलाचा चेहरा कायमचा तिथे राहतो. उद्या तोच मुलगा नोकरीला लागेल, लग्न करेल. संस्थाचालकांना नाही म्हणायला संकोच वाटतो, कारण समोर देणगीदार असतो. तेव्हा त्यांनी नाही म्हणायची वाट बघू नये, फोन पिशवीत ठेवावा.

मुलांशी पहिल्या भेटीत फार जवळीक करून नंतर नाहीसं होण्याबद्दलही बोलायला हवं. अभ्यासिकेत एक सातवीतला मुलगा मला दर शनिवारी विचारायचा, "त्या दिवशीचे ते दादा परत कधी येणार?" त्या दादानं जाताना "पुढच्या आठवड्यात नक्की" असं म्हटलेलं होतं. दादा सहज बोलून गेला. मुलानं तीन महिने विचारलं. येणं जमणार नसेल तर येतो म्हणू नये. नियमित जमणार असेल तर संस्थेशी किमान एका सत्राचं बोलून घ्यावं, जूनमध्ये शाळा सुरू होताना धरावं आणि परीक्षेपर्यंत सोडू नये. ताईंकडे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दान उत्सवाच्या (देशभर पाळल्या जाणाऱ्या दानाच्या आठवड्याच्या) दिवसांत, एकाच वेळी चार कंपन्यांचे फोन येतात आणि जूनमध्ये एकही येत नाही.

खिशातले पैसे

तासांबरोबर पैसे द्यायचे असतील तर पगारातून दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची सोय बऱ्याच कंपन्यांत आहे. लेखी संमती द्यायची, रक्कम कापून संस्थेला जाते. काही कंपन्या तेवढीच भर स्वतः घालतात. शंभराचे दोनशे होतात. यातले आपले शंभर आपलेच राहतात, कंपनीला ते तिच्या सीएसआरमध्ये दाखवता येत नाहीत. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावून एखाद्या संस्थेसाठी गोळा केलेल्या पैशांचंही तेच, ते देणाऱ्यांचे. मॅरेथॉनसारख्या एकदाच होणाऱ्या कार्यक्रमावरचा खर्च सीएसआर नाही, हेही २०१४ लाच सांगितलं गेलं आहे.

लहान संस्थेला महिन्याचे दोनशे रुपये मोलाचे असतात, कारण ते दर महिन्याला येतात. मोठी रक्कम बहुधा अमुक वस्तूसाठी म्हणून बांधलेली येते. विजेचं बिल आणि बालवाडीच्या बाईंचं मानधन भागतं ते अशा दोनशे-दोनशेंवर. देणगीवर ८०जी खाली बऱ्याच संस्थांच्या बाबतीत निम्म्या रकमेची वजावट मिळते, मात्र पगारदार माणसानं जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि कपडे-धान्य दिलं तर मुळीच नाही.

देण्याआधी संस्थेला न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि शेवटचा ऑडिट रिपोर्ट मागावा. मागितला म्हणून अपमान झाला असं चांगल्या संस्थेला वाटत नाही. ताईंनी तर मला हिशेबाची वही आधी दाखवली आणि चहा मग विचारला.

आता त्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. कोणाचा फोन आला की ताई तो कागद समोर धरून वाचून दाखवतात. मी मागच्या शनिवारी बघितला तेव्हा त्यावर होतं: सातवीचं गणित, मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सात. पंख्यासाठी इलेक्ट्रिशियन. बालवाडीच्या बाईंना कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकवायला कोणीतरी, एक महिना. १२एची मुदत कधी संपते ते बघणे. पहिल्या ओळीवर पेन्सिलीनं खूण केलेली होती, कारण आमच्या ऑफिसातला एक जण, घाटकोपरलाच राहणारा, जूनपासून मंगळवारी येतो. गुरुवार अजून रिकामा आहे.